दुरुस्तीतला दीर्घ रू

"अहो, तुमची सायकल थांबताना किंचाळते. समोरच्यांचं बाळ दचकून उठतं," काकू म्हणाल्या, आणि सगळं तिथून सुरू झालं.

काका मुद्रितशोधक होते. पुस्तक छापायच्या आधी त्याची प्रुफं वाचायची आणि चुकलेल्या अक्षरांना लाल पेन्सिलीने धरायचं, हे काम ते अडतीस वर्षं करत होते. ही सवय छापखान्यापुरती राहिली असती तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण काका जिन्यातल्या सूचना तपासत, औषधाच्या बाटलीवरचा कागद तपासत, आणि काकूंनी लिहिलेल्या सामानाच्या यादीतलं 'फीनाईल' आधी शुद्ध करून मगच पिशवी उचलत. गल्लीत त्यांना शुद्धिपत्रकाका म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, पण शब्द बरोबर होता, म्हणून त्यांनी हरकत घेतली नव्हती.

सायकल त्यांच्या नोकरीइतकीच जुनी होती. काकांनी तिचा पुढचा ब्रेक दाबून पाहिला. ती किंचाळली. काकांनी विचार केला, जे कुरकुरतं त्याला तेल घालतात. त्यांनी काकूंच्या शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली आणि ब्रेकच्या दोन्ही रबरांना भरपूर तेल पाजलं. आवाज ताबडतोब बंद झाला. दुसऱ्या दिवशी उतारावर कळलं, की आवाजाबरोबर ब्रेकही बंद झालाय. काका उताराखालच्या दंतवैद्यांच्या काटेरी कुंपणात शिरले आणि तिथेच थांबले.

"सायकलवाल्याकडे न्या," काटे काढताना काकू म्हणाल्या.

"मी त्या दुकानाची पायरी चढणार नाही."

"पायरी कुठाय त्याला? फुटपाथवरच तर बसतो."

कारण वेगळं होतं. वर्षभरापूर्वी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने हौसेने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती, 'सायकल दुरूस्ती'. रू दीर्घ. काकांनी खिशातून लाल खडू काढला, त्या रू भोवती गोल केला आणि पाटीच्या समासात 'ह्रस्व' असं लिहिलं. वर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुमच्या दुरुस्तीलाच दुरुस्तीची गरज आहे." गिऱ्हाइकं हसली. सायकलवाला हसला नाही. "काका, माझी पाटी तुम्ही दुरुस्त करता ना, मग तुमची सायकलही तुम्हीच करत जा," एवढंच तो म्हणाला. त्याने खडू पुसला आणि रू तसाच ठेवला. तेव्हापासून काका मान वळवून तिथून जात असत.

म्हणून आता ब्रेकही काकांनीच दुरुस्त केला. निसरडं रबर लोखंडी रिमला धरत नाही हे त्यांनी पाहिलं, आणि डोकं लढवलं. रबराला रबर घट्ट धरेल. त्यांनी पान्याने ब्रेकची रबरं बोटाच्या पेराइतकी वर सरकवली, म्हणजे ती रिमऐवजी थेट टायरला जाऊन भिडली. आता ब्रेक असा लागायला लागला की काका सीटवरून दांडीवर येत. ते घरात येऊन म्हणाले, "काही लागत नाही याला. फक्त नीट वाचावं लागतं."

तिसऱ्या दिवशी पुढचं चाक पंक्चर झालं.

काकांनी बादलीत ट्यूब बुडवली, बुडबुडे पाहिले, भोकाभोवती लाल पेन्सिलीने गोल केला, सोल्यूशन लावून ठिगळ चिकटवलं. चाक परत बसवताना ब्रेक सैल वाटला, म्हणून तो आणखी थोडा कसला. दोन दिवसांनी पुन्हा पंक्चर. पुन्हा बादली, पुन्हा ठिगळ, पुन्हा ब्रेक कसला. दुसऱ्याच दिवशी पुन्हा. काकांनी वहीत नोंद ठेवली होती. तारीख, वार, आणि भोकाची जागा. सगळी भोकं ट्यूबच्या डाव्या कुशीला होती. काकांना ही मांडणी फार आवडली. "बघ, एकही चूक मजकुरात नाही. सगळ्या डाव्या समासात," ते काकूंना म्हणाले.

"मग त्या बाजूला काहीतरी लागत असेल."

"चुकांना बाजू नसते. त्या होतात," काका म्हणाले. काकूंनी बादली उचलून न्हाणीघरात ठेवली. त्यांना कपडे भिजवायचे होते.

या पंक्चरांपायी काका छापखान्यात दोनदा उशिरा पोहोचले. मालकांनी स्पष्ट सांगितलं, "आता कुणी माणसाकडून प्रुफं वाचून घेत नाही. मी घेतो, कारण तुम्ही आहात. पण मशीन साडेदहाला सुरू होतं. तिसऱ्यांदा उशीर झाला तर यापुढची प्रुफं तुमच्याकडे येणार नाहीत." मालक चांगला माणूस होता, म्हणूनच काकांना त्या बोलण्याची भीती वाटली. पेन्शन होती, पोट चाललं असतं. पण सकाळी उठून कुणाच्या चुका काढायच्या, हा प्रश्न उरला असता. घरात एकट्या काकू होत्या, आणि त्यांनी आधीच यादी लिहायचं सोडून दिलं होतं.

त्या सोमवारी काका नऊ वाजताच निघाले. पिशवीत एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या पुस्तकाची शेवटची प्रुफं होती. पुस्तक शुद्धलेखनाचं होतं. काकांनी ते चारदा वाचून एकशे बारा चुका धरल्या होत्या, आणि आपल्या हातून याहून स्वच्छ पुस्तक गेलेलं नाही याची त्यांना खात्री होती.

कोपऱ्यावर वळताना फट् असा आवाज झाला आणि सायकल बसली. काकांनी वर पाहिलं. समोर पाटी होती, दीर्घ रूसकट.

सायकलवाला दुसऱ्या एका चाकाच्या तारा ताणत होता. त्याने काकांकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि पुन्हा तारांकडे पाहू लागला. काका दोन मिनिटं रस्त्यावरची रहदारी बघत उभे राहिले. घड्याळात सव्वानऊ झाले होते. छापखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, चालत दीड तास.

"साडेदहाला पोचायचंय मला," काका शेवटी म्हणाले. कुणाला म्हणाले ते स्पष्ट नव्हतं.

"मग पोचा की."

"आज नाही पोचलो तर माझं काम जातं."

सायकलवाल्याने पाना खाली ठेवला. "आणा इकडे."

त्याने चाक हातात फिरवलं आणि दोनच फेऱ्यांत थांबवलं. टायरच्या डाव्या कुशीवर बोट फिरवलं. तिथलं रबर झिजून आतले धागे दिसत होते.

"ब्रेक कुणी बसवला?"

"का?"

"रिमला लागायला हवा, तो टायरला लागतोय. डाव्या बाजूचा तर चालताना पण घासतो. टायर खाऊन टाकलाय त्याने. आणि पंक्चर काढलं की दर वेळी तो अजून कसला असणार तुम्ही."

"सैल वाटायचा," काका म्हणाले.

"काका, रागावू नका. तुम्ही एकेक अक्षर वाचता. सगळं वाक्य एकदा वाचायचं होतं."

अडतीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं ते दीर्घ रू लिहिणाऱ्या माणसाने. त्यांचे कान तापले. ते स्टुलावर बसले.

सायकलवाल्याने टायर बदलला, ट्यूब घातली, तेलकट रबरं काढून नवी बसवली आणि रिमच्या बरोबर मध्यावर आणली. मग हात पुसता पुसता पिशवीतून डोकावणाऱ्या मुखपृष्ठाकडे त्याची नजर गेली. काळी, ठसठशीत, चार बोटं उंच अक्षरं होती. त्याला वाचायची सवय कमी. तो एकेक अक्षर लावत वाचायचा.

"नि... दोर्... ष. निदोर्ष लेखन. काका, निदोर्ष म्हणजे काय?"

"निर्दोष," काका हसले. "म्हणजे ज्यात एकही..."

"निर्दोष माहितीये मला. पण इथे रफार पुढच्या अक्षरावर आहे."

काकांनी प्रूफ ओढून घेतलं. चारदा वाचलेलं मुखपृष्ठ. जे असायला हवं ते त्यांनी चारदा वाचलं होतं. जे होतं ते कुणीतरी पहिल्यांदाच वाचत होतं. "चुकलं माझं," म्हणत त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि रफाराभोवती गोल केला.

दहा वीसला ते छापखान्यात होते. वाटेत उतारावर ब्रेक दाबला, तेव्हा सायकल हळूच, न बोलता थांबली होती.

मालकांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि खुर्चीत बसून घेतलं. "शुद्धलेखनाच्या पुस्तकावर हे? तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी पाहिलं, मुख्याध्यापकांनी पाहिलं, कुणालाच दिसलं नाही. काका, तुमच्या नजरेला तोड नाही. तुम्ही आहात तोवर प्रुफं तुमच्याकडेच येणार."

एवढ्यावर थांबता आलं असतं. काकांनी तसा विचारही केला, नाही असं नाही.

"मला नाही दिसलं. आमच्या सायकलवाल्याने दाखवलं," ते म्हणाले. "आणि एक करा. शेवटच्या पानावर आभाराची एक ओळ घाला."

मालकांनी मुख्याध्यापकांना फोन लावला. ते इतके हादरले होते की दहा ओळी घालायलाही तयार झाले. काकांनी ओळ लिहून दिली, 'विशेष आभार: सायकल दुरूस्ती, कोपऱ्यावरचे दुकान'.

"काका, रू दीर्घ पडलाय."

"पडलेला नाही, ठेवलाय. दुकानाचं नाव आहे ते. विशेषनाम पाटीवर असेल तसंच छापायचं असतं." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी जाणूनबुजून एक चूक सोडली होती, आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी पुस्तकाची पहिली प्रत घेऊन काका कोपऱ्यावर गेले. मधल्या दिवसांत ते पलीकडच्या रस्त्याने जात होते. पुस्तक हातात असल्याशिवाय समोर जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. एकही पंक्चर झालं नव्हतं. ते ऐटीत वळले, ब्रेक दाबला, आणि पाटीकडे पाहत राहिले.

पाटी नवी रंगवलेली होती. 'सायकल दुरुस्ती'. रु ह्रस्व.

"हे कधी केलंत?"

"तुम्ही गेलात त्याच दिवशी संध्याकाळी," सायकलवाला म्हणाला. "म्हटलं, एवढा शिकलेला माणूस आपल्यासमोर चूक कबूल करतो, मग आपणच कशाला अडून बसायचं?"

काकांनी पुस्तक पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला, पण तोवर ते त्याच्या हातात गेलं होतं. शेवटचं पान उघडून त्याने ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत निघाला. आभारापाशी त्याचा चेहरा उजळला. 'दुरू' पाशी बोट थांबलं. त्याने पाटीकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं.

"काका, हे चुकलंय."

"राहू द्या," काका म्हणाले. "चालतं तसं."

"असं कसं चालतं?" सायकलवाल्याने पंक्चरच्या जागेवर खूण करायची पेन्सिल कानामागून काढली, रू भोवती नीट गोल केला आणि समासात लिहिलं, 'ह्रस्व'. मग त्याने विचारलं, "बाकीच्या प्रती कुठे आहेत?"