काळ्या पेटीचा जप

बावीस वर्षांत माझा एकही नेम चुकलेला नव्हता. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण सांगते! सकाळी अकरापर्यंत मौन, त्यातच एकशे आठ नामांचा जप, आणि दिवसभर खोटं बोलायचं नाही. एवढ्या शिस्तीच्या बाईच्या हाती आपलं मशीन सुरक्षित राहील असं माझ्या दिरांना वाटलं, यात त्यांची काय चूक?

दीर आर्किटेक्ट. धाकटी जाऊ नकाशे काढते, मी ऑफिस सांभाळते. सगळे नकाशे स्टोअररूममधल्या एका काळ्या पेटीत असतात. पेटीत कॉम्प्युटरच्या चार डिस्क.

"वहिनी, एक गेली तरी बाकीच्या तिघी सांभाळून घेतात," दिरांनी समजावलं होतं. "दुसरी गेली की मात्र संपलं!"

म्हटलं, अगदी आपल्या घरासारखं. सकाळी पेटी चालू करायची, संध्याकाळी बंद करायची आणि फडक्यानं पुसायची, एवढंच माझं काम. पण पुसायची मी अशी, की जणू उद्या तिला कुणी बघायला येणार आहे! डिस्कचा खण थोडा ओढून, कोपऱ्याकोपऱ्यातून.

नऊ वाजता ऑफिसात कुणी नसतं, म्हणून जपाला मी त्याच खोलीत बसते. एका सकाळी बसले, तर पेटी बोलू लागली. पीं... पीं... पीं... संथ, एका लयीत. एरवी माझं मन जपात भाजीपासून धाकटीच्या नव्या पर्सपर्यंत फिरून येतं. त्या दिवशी एका पींला एक नाम असं जुळलं, की एकशे आठ कधी झाले कळलंच नाही! समोर इवलासा लाल दिवाही लागलेला. डोळे भरून आले हो! जप संपला की मी पेटीवरचं आवाजाचं बटण दाबायची, की ती गप्प. दुसऱ्या सकाळी चालू केली की पुन्हा सेवेला हजर!

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी एका शाळेच्या इमारतीचे नकाशे चारच्या आत जमा करायचे होते. आठ महिन्यांचं काम! सव्वादहाला धाकटी किंचाळली, "एकही फाइल उघडत नाहीये!"

आम्ही धावलो. पेटीवर दोन लाल दिवे. दिरांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावून माझ्या हातात कोंबला. "तुम्ही बोला वहिनी, मी शाळेवाल्यांकडे वेळ मागतो!" आणि गेले.

मी मौनात! पण मला युक्ती सुचली. 'हो'ला पेनानं एकदा टकटक, 'नाही'ला दोनदा. ही युक्ती फक्त मलाच माहीत होती, एवढाच काय तो तिच्यात दोष.

"हॅलो? पेटी चालू आहे का?"

टक्.

"हॅलो? हा आवाज कसला? काही पडलं का?"

टक् टक्.

"अरे बापरे! डिस्क आतून ठोकतेय! बंद करा!"

टक् टक्! टक् टक्!

"वाढलं! वाढलं! बंद करा आधी, मी निघालोच!"

अर्ध्या तासात तो हजर झाला. त्यानं खण उघडले, वाकून पाहिलं. "पहिली डिस्क मेलीय. दुसरी मेलेली नाही, नुसती सैल झालीय. हा खण रोज कोण ओढतं?"

मी फडकं पाठीमागे लपवलं.

त्यानं डिस्क दाबली. खट्! पेटी चालू केली, लॅपटॉपवर काहीबाही केलं, आणि धाकटीच्या पडद्यावर शाळा उगवली, जिन्यांसकट! धाकटी रडायचीच बाकी होती.

"आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या," तो म्हणाला. "पण एक कळत नाही. पहिली डिस्क जाते तेव्हा ही पेटी वाजून वाजून जीव खाते. कुणालाच ऐकू आलं नाही?"

घड्याळात अकराला चार मिनिटं कमी. मौनाचा इतका आधार मला बावीस वर्षांत वाटला नव्हता! तेवढ्यात परतलेले दीर मात्र खुर्ची ओढून समोर बसले.

"दीड मिनिट राहिलं, ताई," धाकटी म्हणाली.

अकरा वाजले.

"अकरा दिवस वाजत होती," मी हळूच म्हटलं.

"अकरा दिवस? आणि तुम्ही काय करत होता?"

"जप. एका पींला एक नाम. लय फार छान होती हो."

दुरुस्तीवाल्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. दिरांनी हात जोडले. "वहिनी, देव अकरा दिवस हाका मारत होता, आणि तुम्ही त्या मोजत बसलात!"

साडेतीनला नकाशे जमा झाले, नवी डिस्क बसली. मी देवाची क्षमा मागून मौनात एकच सवलत घेतली: पेटी वाजली तर ओरडायचं.

दुसऱ्याच सकाळी मी माळ घेऊन बसले आणि... पीं!

"भाऊजी! वाजली! धावा!"

त्या दिवशी दीर लवकर आले होते. ते एका पायात चप्पल घालून धावत आले. त्यांच्या मागून धाकटी, हातात कप.

"ताई, मी मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करत होते."

बावीस वर्षांचं मौन मी कपभर दुधासाठी मोडलं! आणि खरं बोलायचा नेम शिल्लक आहे म्हणून सांगते, तो मायक्रोवेव्ह तीनदा वाजतो. ओरडायच्या आधी माझे तीन मणी पुढे सरकले होते.