जनीबायने फोन उचलला

जनीबायच्या घरात टेलिफोन होता तो ऐकण्यासाठी, बोलण्यासाठी नव्हे. दिवेआगरच्या अलीकडच्या त्या कोळीवाड्यात तारेचा पहिला फोन आला तो तिच्याच ओटीवर, आणि आला त्याच दिवशी तिच्या यजमानांनी त्याचा कायदा ठरवून दिला. बोट दिघीच्या धक्क्याला लागली की घरचा नंबर फिरवायचा, कानात रिंगा मोजायच्या आणि ठेवून द्यायचा. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो. दोन म्हणजे मासळी भरपूर, बर्फाचा टेम्पो धाडा. तीन म्हणजे जाळे रिकामे, गिऱ्हाइकाची सोय दुसरीकडून करा. चार म्हणजे यंत्र बंद. घरच्यांनी नुसते मोजायचे, उचलायचे नाही. उचलला की पैसे पडतात. घरात कोणी दगावले असेल तरच फोन उचलून सांगायचे. सत्तावीस वर्षांत तो दोनदाच उचलला गेला होता. एकदा सासूबाई गेल्या तेव्हा, आणि दुसऱ्यांदा कायदा करणारे यजमान स्वतःच गेले तेव्हा.

असा हा शिस्तीचा फोन धाकट्या मुलाच्या, भावेशच्या डोळ्यांत खुपू लागला. तो पनवेलला नोकरीला होता आणि सुटीला घरी आला की घरातल्या एकेका वस्तूचा हिशेब मांडत बसे.

"आये, याचं भाडं कशाला भरतेस? उचलत तर कोनच न्हाय. टोटल वेस्ट हाय."

"उचलत न्हाय म्हणून तर बिल वाढत न्हाय," जनीबाय म्हणाली.

"अगं, आता तसाच दिसणारा डबा येतो, आत मोबाइलचं सिम. अर्ध्याहून कमी पैसे, आन बोलणं फुकट. कितीपन बोला, दिवसभर बोला."

"फुकट हाय म्हणून कोन घशाला कोरड पाडून घेतं?"

पैसा वाचत असेल तर जनीबाय ऐकून घेई. मात्र ऐकून घेणे आणि मान्य करणे यांच्यामध्ये ती एक कप चहाचे अंतर ठेवी. चहा संपला तेव्हा तिने विचारले, "वाजेल का ह्याच्यासारखाच?"

"सेम टू सेम. आन ह्याच्यासंगती सनईपन फुकट मिलते. लावू?"

सनई कोठे लावतात, ती कोण ऐकणार, याची चौकशी तिने केली नाही. "फुकट हाय तर सोडतोस कशाला?" एवढेच म्हणाली. शनिवारी संध्याकाळपर्यंत जुना फोन श्रीवर्धनच्या कचेरीत परत गेला आणि त्याच तिपाईवर, त्याच विणलेल्या रुमालावर नवा फोन विराजमान झाला. थोरल्या अनंताला नवा नंबर देण्यात आला आणि तो रात्रीच्या भरतीला बोट घेऊन गेला.

रविवारचे महत्त्व निराळे होते. दिवेआगरच्या कृष्णाजी गुरुजींच्या नातवाचा, सम्यकचा, साखरपुडा होता. पानात तळलेली सुरमई असावी, ही गुरुजींची हौस. साठ पानांची सुरमई बाराच्या आत दारात आणून देईन, असा शब्द जनीबायने दिला होता. तिला त्या किनाऱ्यावर वाऱ्याने दगा दिला होता, पावसाने दिला होता, माणसांनीही दिला होता. तिने मात्र गिऱ्हाइकाला कधी दिला नव्हता. सुरमई पोचली नाही तर गुरुजी रागावणार नाहीत, हे तिला ठाऊक होते. ते समजुतीने घेतील, याचीच तिला अधिक धास्ती होती.

सकाळी साडेआठला फोन वाजला. जनीबाय आणि अनंताची बायको रचना दोघी हातातले काम टाकून उभ्या राहिल्या. एक. दोन. बंद.

"दोन!" रचना हरखली. "आये, मासळी भरपूर!" तिने लगेच आपल्या मोबाइलवरून टेम्पोवाल्या परेशला कळवले आणि परेशचा टेम्पो बर्फ भरून दिघीकडे निघाला.

टेम्पो वळणाआड गेला न गेला तोच फोन पुन्हा वाजला. एक, दोन, तीन. बंद.

सासू-सुनांनी एकमेकींकडे पाहिले.

"मासळी भरपूर, आन मासळी न्हाय?" रचना म्हणाली.

"सांडली असेल," जनीबाय म्हणाली खरी. पण तिचा आवाज तिलाच परका वाटला.

तिसऱ्यांदा फोन वाजला तो पाच वेळा. पाच! कायद्यात पाच नव्हतेच. एव्हाना शेजारपाजारच्या बायका ओटीशी जमल्या होत्या. यजमान गेले, कायद्याची पोथी त्यांच्याबरोबर गेली. पाचवे कलम त्यांनी कोणाच्या कानात सांगून ठेवले होते की काय, याचा शोध सुरू झाला.

"चार म्हणजे यंत्र बंद," एक जण म्हणाली, "मग पाच म्हणजे यंत्र पान्यात पडलं असेल."

"न्हाय गो. दोन आन तीन पाच. मासळी हाय, पन न्हाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हाय, पन आपली न्हाय."

जनीबायला या सर्वांचा राग आला आणि त्याहून अधिक कुतूहल वाटले. अनंता अडाणी नव्हता, नशापाणी करीत नव्हता. तो मोजण्यात चुकणे शक्य नव्हते. मग तो सांगत होता तरी काय? ती तिपाईपाशी बसून फोनकडे अशी पाहू लागली, जणू त्याला धाक दिला की तो कबुली देईल. फोन नऊ वेळा वाजला आणि थांबला. नंतर एकदाच वाजला. नंतर सात वेळा.

"आये, परेशचा फोन लागत न्हाय. मीच लावून बघू ह्यांना?" रचनाने विचारले.

"खबरदार! दर्यावर गेलेल्या माणसाला घरातून मागून हाक मारायची न्हाय. त्याचा पाय घराला लागू दे."

दहा वाजत आले. सगळ्या रिंगांत कायद्याला धरून, स्पष्ट आणि काळजी करण्याजोगी एकच होती, ती म्हणजे तीन. तीन म्हणजे सोय दुसरीकडून करा. त्या दिवशी वाड्यात सुरमई होती ती एकट्या हिरामणकडे. त्याची बोट पहाटेच आली होती.

हिरामणचे नाव निघताच ओटीवरच्या बायकांनी पदर सावरले. नऊ वर्षांपूर्वी मासळी वाळवण्याच्या जागेवरून त्याची आणि जनीबायची जुंपली होती. चार हात रेती कोणाची, एवढाच प्रश्न होता. भांडण ऐन रंगात असताना पाऊस आला, दोघे मासळी झाकायला धावले आणि त्यानंतर कोणी कोणाशी बोललेच नाही. नऊ वर्षे दोघांची घरे समोरासमोर आणि तोंडे विरुद्ध दिशांना होती.

"जावं लागेल, आये," रचना हळूच म्हणाली. "तुमचा शब्द हाय."

जनीबायने पदर खोचला, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तेथेच थबकली. त्याच क्षणी फोन पुन्हा वाजू लागला. हिरामणशी धरलेला अबोला आणि यजमानांचा कायदा यांपैकी एक मोडणे भाग होते. तिने क्षणभर विचार केला, परत फिरली आणि आयुष्यात प्रथमच, घरात सर्व जण धडधाकट असताना, फोन उचलला.

"अनंता—"

पलीकडून किंकाळी आली. "उचलला! अरे देवा, उचलला! कोन गेलं? आये गेली? आये—"

"अरे, मी—"

फोन बंद पडला. रचनाने तत्काळ उलट लावून पाहिला. पलीकडचा मोबाइल बंद होता. इतक्या वेळा फोन लावून लावून अनंताच्या जुन्या मोबाइलने नेमकी त्याच क्षणी मान टाकली होती.

पुढचे सारे रीतीला धरूनच घडले. अनंता भरलेली बोट तशीच सोडून, रडत, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून घराकडे निघाला. धक्क्यावर त्याला रडताना ज्यांनी पाहिले त्यांनी पुढच्यांना सांगितले, आणि जनीबाय गेल्याची बातमी अनंताच्याही आधी कोळीवाड्याबाहेर पसरली. खातरजमा करायला तिच्या घरी फोन करावा, असे कोणाच्या मनात आले नाही. त्या घरात फोन उचलत नाहीत, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होते.

अनंता अंगणात आला तो "आये गं" म्हणत धाडकन पायरीवर बसला. समोर आई उभी होती.

"रडतोस कशाला? सुरमय किती हाय ते सांग."

अनंताने तिला डोळे भरून पाहिले, तिच्या हाताला चिमटा काढला आणि मग एवढा मोठा गडी संतापून ओरडला, "मग फोन कशाला उचललास?"

"तू पाच रिंगा कशाला दिल्यास?"

"मी दिल्या? अगं, रिंग ऐकायलाच येत न्हवती! नंबर लावला की सनई! मला वाटलं, कुनाच्या लग्नघरात लागला. कापला. परत लावला, परत सनई. मोजू काय, डोंबल? मी दोन रिंगा द्यायला गेलो गं. बोट भरून सुरमय हाय!"

एवढ्यात सकाळपासून मित्राकडे गेलेला भावेश श्रीवर्धनहून पोचला. वाटेतच कोणीतरी त्याचे सांत्वन केले होते, त्यामुळे त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आईला पाहून त्याला रंग आला आणि थोरल्या भावाला पाहून पुन्हा गेला. त्याने आपल्या मोबाइलवरून घरचा नंबर लावून सर्वांना ऐकवला. इकडे तिपाईवर फोन ठणाणा वाजत होता आणि तिकडे त्याच्या कानाशी सनई मंगल सूर आळवीत होती. फुकट मिळालेली ती सनई ऐकायची होती ती फोन करणाऱ्याने. घरात एकेक रिंग मोजली जात होती आणि देणाऱ्याला आपण किती दिल्या याचा पत्ता नव्हता.

"पन बोलणं फुकट हाय ना," भावेश काकुळतीने म्हणाला. "उचलून बोलायचं, एवढंच करायचं होतं."

त्याला उत्तर द्यायला कोणी मोकळे नव्हते. दारात परेशचा टेम्पो येऊन उभा राहिला होता. दिघीला बातमी कळताच तो बर्फासह उलट फिरला होता.

"अरे, मासळी कुठंय?" जनीबायने विचारले.

परेशने तिच्याकडे पाहिले, टेम्पोकडे पाहिले, आणि टोपी काढली. "काकी, मुंबईची माणसं येईपर्यंत ठेवायला लागेल म्हणून... बर्फ इकडंच आणला."

"कुनाला ठेवायला?"

परेशने नजर टेम्पोच्या चाकाकडे वळवली. तो सभ्य माणूस होता.

घड्याळात पावणेबारा झाले होते. सुरमई दिघीला, बर्फ दारात आणि गुरुजींची साठ पाने दिवेआगरला. टेम्पो आता उडत गेला असता तरी बारा गाठणे शक्य नव्हते. जनीबायने परेशला दिघीकडे पिटाळले आणि ताठ बसून म्हणाली, "गुरुजींना फोन लाव, रचना. मोडलेला शब्द ज्याचा त्यानंच सांगायचा."

रचनाने नव्या फोनवरून नंबर लावला आणि रिसीव्हर तिच्या हाती दिला.

"जय भीम. कोण बोलतंय?"

"गुरुजी, मी जनी. कोलीवाड्यातली."

"कोण म्हणालात?"

"जनी. सुरमयवाली."

"जनीबाई," गुरुजी एकेक शब्द तोलीत म्हणाले, "आम्ही आत्ताच तुमच्यासाठी दोन मिनिटं मौन पाळलं."

"ते ऱ्हाऊ दे, गुरुजी. माझ्यानं सुरमय बारापर्यंत—"

"सुरमई तर केव्हाच आली. तळण चाललंय. बाजारात बातमी कळली तसा हिरामण स्वतः परस्पर घेऊन आला. म्हणाला, बाई गेली, पण तिचा शब्द जायला नको. पैसे देऊ केले, तर हात जोडले त्यानं. मौनसुद्धा त्यानंच सुचवलं. सगळे उभे राहिले, नवरीकडचेसुद्धा. चाळीस वर्षं शाळेत मौन पाळायला लावलं मी. पाळलेलं मौन परत कसं घ्यायचं, ते मात्र मला माहीत नाही, बाई."

जनीबायने रिसीव्हर खाली ठेवला. घरातले सर्व जण तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिचा शब्द राहिला होता. तो राखणाऱ्याचे नाव मात्र तिला गिळताही येत नव्हते आणि थुंकताही येत नव्हते. बराच वेळ ती पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बसली.

"हिरामणचा नंबर हाय तुझ्याकडं?" तिने शेवटी विचारले.

रचनाने नंबर लावून दिला.

"कोन?" पलीकडून आवाज आला.

"मी जनी."

"कोन जनी?"

"किती जनी ठाव हायेत तुला?"

हिरामण दबक्या आवाजात म्हणाला, "तितनंपन फोन लागतो?"

"मेल्या, मी घरातनंच बोलते! जिती हाय मी!"

"जिती हायस? मग मी सुरमय फुकट कशापायी दिली?"

"तेच विचारते. दिघीवरून माझी येते हाय. तोलून परत घे. तुझी फुकट नको मला."

"मेलेल्याच्या नावानं दिलेलं मी परत घेत न्हाय."

"अरे, पन मी मेले न्हाय!"

"ते तुझं तू बघ. मी माझं कर्तव्य केलं."

"कर्तव्य! चार हात रेती दाबून बसलायस नऊ वर्षं, आन कर्तव्य शिकवतोस?"

"कुनाची रेती? तुझा बांबू माझ्या हद्दीत व्हता, जने! सगळ्या वाड्यानं बघितला!"

जनीबायने तिपाई जवळ ओढली, पाय दुमडून ऐसपैस बसली आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तिच्या चेहऱ्यावर असे तेज रचनाने कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते.

एक वाजला, दोन वाजले. परेश सुरमई घेऊन परत आला. अनंता जेवून झोपला. भावेशने कोणी न विचारता तीनदा सांगितले की वेळेची काही मर्यादा नाही, बोलणे खरोखरच फुकट आहे. अडीचच्या सुमारास रचना ताट घेऊन तिपाईपाशी आली.

"आये, वाढू का?"

जनीबायने रिसीव्हरवर हात ठेवला.

"थांब गो जरा," ती म्हणाली. "आत्ताशी वीस सालच्या वादळापर्यंत आलोय."