सासऱ्यांच्या गाडीची चारही चाकं

सासरे चार वाजता गाडी न्यायला येणार होते, आणि एक वाजून दहा मिनिटांनी चष्मेवाल्याच्या लक्षात आलं की गाडीची चारही चाकं डांबराने बरबटली आहेत.

चष्मेवाला म्हणजे चौकातल्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा गृहस्थ. त्याची स्कूटर दुरुस्तीला गेली, म्हणून आठवड्याभरासाठी सासऱ्यांनी आपली गाडी दिली होती. सासरे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. दोन बोटांच्या फरकावरून त्यांनी भावाभावांची भांडणं सोडवली होती, आणि काही ठिकाणी लावूनही दिली होती. किल्ली हातावर ठेवताना ते एवढंच म्हणाले होते, "जावईबापू, जशी नेताय तशी परत द्या." चष्मेवाल्याने मान डोलावली आणि तिसऱ्याच दिवशी, एका गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवण्याच्या घाईत, गाडी ताज्या डांबरावर घातली.

"टायर साफ करायची बाटली आणू का विकत?" त्याने बायकोला विचारलं.

"किंमत बघितलीयस का तिची? घरात भांड्यांचं लिक्विड आहे, ते लाव. टायर म्हणजे काय, मोठं पातेलंच."

चष्मेवाल्याने बादली घेतली, घासणी घेतली आणि पुढच्या डाव्या चाकापुढे बसकण मारली. पाच मिनिटं घासलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा घासलं, उठून फाटकाबाहेर डोकावला, परत येऊन बसला. माती गेली, डांबराचे ठिपके मात्र जागचे हलेनात.

दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. तीस वर्षं इस्पितळात काढल्यामुळे खाली कोणी वाकलेलं दिसलं की त्यांना उपचार सुचत.

"खायचा सोडा टाका त्यावर!" त्या वरून ओरडल्या. "आणि वरून व्हिनेगर!"

चष्मेवाल्याने स्वयंपाकघरातून दोन्ही आणलं आणि एकदमच ओतलं. चाक फसफसायला लागलं. फेस उतारावरून वाहत फाटकाबाहेर गेला आणि रस्त्याने चाललेला एक सायकलवाला पाय वर घेऊन पुढे निघून गेला. फेस ओसरल्यावर टायर पांढरा पडला होता. जणू कोणी त्याला पावडर लावून बसवलं होतं.

"तेल लावा आता! तेलाने डांबर सुटतं!" वरून पुढचा उपचार आला.

तेलाने डांबर खरंच सुटलं. पण तेलावर धूळ बसली, म्हणून परत लिक्विड लावावं लागलं. पाऊण तासाने ते एक चाक असं काळंभोर निघालं की शोरूममधल्या गाडीनेही मान खाली घालावी. चष्मेवाला चार पावलं मागे सरकला आणि त्याने चारही चाकं एकदम पाहिली. एक चाक नवंकोरं आणि तीन चाकं भिकाऱ्यासारखी. आता तर चोरी आंधळ्यालाही दिसली असती.

"अगं, लिक्विडची दुसरी बाटली आहे का?"

"पहिली संपवलीस? आणि तेल? अरे, संध्याकाळी भाजी काय पाण्यात परतू?"

तो पुढचं ऐकायला थांबलाच नाही. डांबर बायकोच्या डोक्याच्या तेलाने सोडवलं; मग दोन चाकं धुण्याच्या पावडरवर निघाली, शेवटचं तिच्या शाम्पूवर आणि अंघोळीच्या साबणावर. तीनला दहा मिनिटं कमी असताना चारही चाकं झळकत होती. तरी त्याचं मन थाऱ्यावर येईना. चाकं अशी आणि मागच्या उजव्या मडगार्डवर हा एवढा वाळका चिखल? त्याने नळीचं तोंड अंगठ्याने दाबून पाण्याचा झोत सोडला. चिखलाचा पोपडा पडला आणि खाली मुठीएवढा पोचा दिसला.

चष्मेवाल्याने पोच्यावरून बोट फिरवलं. "मी कधी ठोकली? अगं, मी कधी ठोकली ही?"

बायको धावत आली. तिने पोचा पाहिला, गाडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "पोच्याचं नंतर बघू. आधी हे सांग, बाबांची गाडी इतकी स्वच्छ बघितलीयस कधी? अशी चकचकीत बघितली की ते लगेच ओळखणार, कुठेतरी घातलीय म्हणून धुतलीय."

"मग काय करू?"

"जशी आणली तशी कर."

आता अडीच फूट उंचीच्या कुंडीतली माती बादलीत आली, तिच्यात पाणी पडलं आणि मघाशी ज्या हातांनी चाकं पुसली त्याच हातांनी चष्मेवाला मडगार्ड लिंपू लागला. एक डोळा पोच्यावर, एक फाटकावर.

सव्वातीनला फाटक वाजलं. सासरे पाऊण तास आधीच हजर होते. धापा टाकत होते आणि मागे वळून रस्त्याकडे बघत होते.

"जावईबापू, हे काय चाललंय?"

चष्मेवाला उभा राहिला. कोपरापर्यंत चिखल. खोटं बोलायला त्राण उरलं नव्हतं. "बाबा, चुकलं माझं. डांबरावर घातली, म्हणून धुतली. आणि मागे पोचा आलाय. कधी आला, देवाशपथ आठवत नाही."

"चिखल धुतलात?" सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, तो चिखल मी लावला होता!"

"तुम्ही?"

"हळू बोला. दोन महिन्यांपूर्वी मागे घेताना फाटकाच्या खांबाला घासली. चौदा वर्षं तुमच्या सासूबाईंना गाडीला हात लावू दिला नाही मी. म्हणायचो, तुझ्या हाताला अंदाज नाही, कुठेतरी ठोकशील. आता कोणत्या तोंडाने सांगू? आणि आज म्हणते, मीही येते लेकीकडे. कोपऱ्यावर फळं घेतेय, येईलच."

बोलता बोलता त्यांनी बाह्या वर सारल्या आणि बादलीत हात घातला. "असा थापायचा नाही. वरून खाली ओढायचा. चाकाने उडवल्यासारखा दिसला पाहिजे."

मग सासरा आणि जावई शेजारी शेजारी उकिडवे बसून मडगार्ड लिंपू लागले. काम इतकं मन लावून चाललं होतं की फाटक पुन्हा वाजलेलं दोघांनाही कळलं नाही.

"डावीकडे थोडा कमी पडलाय," सासूबाई म्हणाल्या.

दोघे ताडकन उठले. सासूबाईंनी फळांची पिशवी लेकीच्या हातात दिली.

"अगं, ते जरा..." सासऱ्यांनी सुरुवात केली.

"राहू द्या. दोन महिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय. चिखल वाळून पडला की तुम्ही रविवारी नवा लावता. म्हटलं, एवढ्या हौसेने करताय, कशाला मोडता घाला!" त्यांनी हात पुढे केला. "किल्ली."

"कशाला?"

"घरी जाताना मी चालवणार. माझंही लायसन्स आहे. आणि अंदाजाचं म्हणाल, तर आता दोघांचा सारखाच."

चष्मेवाल्याने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. त्याने खिशातून दोन बोटांच्या चिमटीत किल्ली काढली आणि सासूबाईंच्या हातावर ठेवली.

चहा झाला. हात धुवायला मात्र घरात साबणाचा थेंब उरला नव्हता आणि नुसत्या पाण्याने तो तेलकट चिखल निघेना. निघताना सासूबाईंनी गाडीचा आरसा सरळ केला, सीट पुढे ओढली आणि शेजारी बसणाऱ्या नवऱ्याला बजावलं, "हात बाहेर ठेवा. सीटला लागता कामा नयेत."

गाडी खांबाला न घासता सुळकन फाटकाबाहेर पडली. तिच्या खिडकीतून सासऱ्यांचे दोन्ही हात बाहेर निघालेले होते. गॅलरीतून नर्सबाईंनीही दोन्ही हात उंचावून निरोप दिला आणि खाली उभ्या असलेल्या चष्मेवाल्याला म्हणाल्या, "जावयावर एवढा जीव असलेला सासरा मी तरी पहिल्यांदाच बघितला हो!"