जंतुपागेने खंदक धुतला, त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करोन आणि ऐकणारांस धीर मिळो ऐसे चिंतोन वर्तमान लिहिले, ते ऐसे. शके सत्राशे एक, विकारीनाम संवत्सरी, एके राज्यी तेलाची कोठारे फुटली आणि अवघे तेल किल्ल्याच्या खंदकात उतरले, आणि प्रजेस पाण्याचा घोट मिळेना. त्या राज्यी जंतुपागा होती. तीत घोडे नव्हेत, डोळ्यांस न दिसणारे जंतू बाळगीत. त्यांणी मनावर घेतल्यास साबणासारखा फेस निपजे आणि तेल फुटोन पाण्यात विरे. पागेचे दरोगे बहिरोजी ढमढेरे. महाराजांनी त्यांस हुकूम केला, "अमावास्येस पाणी निवळ न दिसे, तर पागा मोडोन तुम्हांस गाढवावर बसवू." दिवाण निळोपंत हसोन बोलिले, "दरोगे, गाढव आजच न्हाऊ घालितो!"

बहिरोजी इरेस पेटले आणि रांजण मांडिले, आणि एके वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या जैशाच्या तैशा, ऐसी शिस्त बांधिली. ऊब वाढविली, तो जंतू शिजले. कमी केली, तो निजले. कोमट राखिली, तेव्हा उठोन बसले. मग आंबटपणा चुन्याने मोडिला, आणि मग रवीने घुसळोन वारा दिधला, आणि फौज कोटीवर कोटी वाढली, परंतु फेस म्हणाल तर म्हातारीच्या चुळीइतका! कारण काय, तर बहिरोजी स्वभावे मोठे आग्रही यजमान. "बाबांनो, आणिक एक पळी, तुम्हांस माझी शपथ!" म्हणोन डाळीचे कढण ओतीतच राहिले.

मग राजवाडी पंगत जाहली, आणि आग्रहावर आग्रह होऊन निळोपंतांस पाटावरून उठवेना, चौघांनी उचलिले. ते पाहोन बहिरोजी ताडकन बोलिले, "हात्तिच्या! ऐशा पोटाने कोण चाकरी करील?" आणि तैसेच खरकट्या हाताने पागेत धावले, आणि कढण तोडिले, आणि खंदकातले तेल पुढे ठेवोन म्हणाले, "खावयाचे तर हे फोडोन खा!"

मग जंतू चवताळले. फेस रांजणांवरून खंदकात, खंदकातून तटावर, बुरुज बुडाले, हत्ती घसरोन उताणे पडले, आणि वेढा घालू आलेला गनीम "ढगच चालोन आले रे!" म्हणोन जोडे टाकोन पळाला. फेस बसला तो तळचे मासे मोजून घ्यावे. अमावास्येस महाराज ओंजळ भरोन पाणी प्याले आणि बोलिले, "शाबास! पागा दुप्पट करा." निळोपंत म्हणाले, "मी तरी काय म्हणत होतो?"

सारांश, ऊब, आंबट, वारा आणि अन्न यांचा मेळ पडला, तेव्हा जय आला. भरल्या पोटी फौज वाढते, अर्ध्या पोटी कामास लागते. न पटे त्याने त्या खंदकाचे पाणी पिऊन पाहावे. किल्ला कोठे, ते मात्र विचारू नये.