डावी नळी

आमच्या हट्टा गावचा दाजिबा लोहार कुठल्याही नळीच्या तोंडासमोरून जात नसे. बंदुकीचं सोडा, चुलीजवळ फुंकणी आडवी पडलेली दिसली तरी तो थांबायचा, तिचं तोंड कुठे आहे ते बघायचा आणि मागून वळसा घालून पलीकडे जायचा. सख्ख्या पुतणीच्या लग्नात सनईवाला वाजवत समोर आला, तेव्हा हा अक्षता हातात घेऊन गोठ्यात शिरला आणि मंगलाष्टकं म्हशीशेजारी उभं राहून ऐकली.

कुणी विचारलंच, "काहून हो दाजिबा?" तर उत्तर ठरलेलं.

"भरेल हाय असं समजावं."

भरेल म्हणजे भरलेलं. हे वाक्य तो कशालाही लावी. आभाळ काळं झालं, भरेल हाय असं समजावं. शेजारीण दोन दिवस गप्प आहे, भरेल हाय असं समजावं. तहसीलदार हसून बोलला, मग तर नक्कीच. ऐकून ऐकून गावाचे कान इतके निबर झाले होते, की जिथे त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं तिथेही कुणी लक्ष दिलं नाही. ते 'कुणी' म्हणजे आम्हीच.

माझ्या थोरल्या काकांची दुनळी बंदूक होती. ठासणीची, म्हणजे बार तोंडाकडून भरायची. आधी दारू, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि सगळं गजाने ठासायचं. मागे घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवली की चाप ओढायचा. एवढं सगळं होईपर्यंत डुक्कर पोटभर ज्वारी खाऊन घरी जात असे. काकांची बंदूक दाजिबाच भरून द्यायचा आणि भरायचा ती फक्त उजवी नळी. "डावी खराब हाय," एवढंच सांगायचा. डाव्या नळीचा घोडाही जाग्यावर नव्हता. तिथे नुसतं भोक होतं, डोळा काढून घेतल्यासारखं.

त्यावरून गावात बोलवा झाली, की डाव्या नळीत बाई आहे. कान लावला तर तिचा श्वास ऐकू येतो म्हणे. आयाबाया बंदूक टांगलेल्या आमच्या भिंतीकडे पाठ करून बसत. मी नऊ वर्षांचा असताना माझं धैर्य सिद्ध करायला भर दुपारी स्टुलावर चढलो आणि डाव्या नळीला कान लावला. आतून बारीक, चिडल्यासारखा आवाज आला, बायका कामात असताना नाकातून काढतात तसा. मी स्टुलासकट खाली आलो. पुढच्या दाताचा तुकडा त्या दिवशी गेला, तो अजून मिळालेला नाही.

दसऱ्याला ही बंदूक पाटावर मांडत. लाकडी दस्ता देवाकडे, कारण देवावर नळी रोखणं बरं दिसत नाही. म्हणजे तोंड आमच्याकडे. आम्ही सगळे, पाळण्यातल्या लेकरासकट, त्या दोन भोकांसमोर हात जोडून ओळीने बसायचो आणि काकू पेटतं निरांजन बंदुकीभोवती ओवाळायची. दरसाल न चुकता दाजिबा यायचा. देव्हाऱ्याच्या अंगाने, दस्त्याच्या बाजूला उभा राहायचा, आपट्याचं एक पान दस्त्यावर ठेवायचा, आमच्याकडे बघून म्हणायचा, "भरेल हाय असं समजा." आम्ही खो खो हसायचो. तो हसत नसे. त्या पानावर हात क्षणभर तसाच ठेवून निघून जायचा.

निजामी गेली त्या साली काकाही गेले आणि बंदूक माझ्याकडे आली. दसरा नुकताच झाला होता. तोच दवंडी पिटली, की ज्याच्याकडे हत्यार असेल त्याने येत्या सोमवारी ठाण्यात आणून जमा करावं. खरं तर नेऊन द्यायची आणि सुटायचं. पण मी पडलो मास्तर. शाळेत पोरांना छातीठोक सांगून बसलो होतो, की आमची बंदूक सत्तावनच्या बंडातली आहे, एका गोऱ्या साहेबाच्या हातातून हिसकावलेली. एवढी थोर बंदूक गंजक्या पहारीसारखी जमादारापुढे टाकायची? मी ती स्वतः साफ करायला घेतली.

चिंचेचा कोळ लावला, राखेने घासली. एक डोळा मिटून दुसरा डोळा नळीला लावून आत बघितलं. काही दिसेना म्हणून तोंड लावून जोरात फुंकलं. तरी गंज सुटेना, तेव्हा ऊब दिली तर सुटेल असा शोध लावून नळी शेगडीवर धरली आणि फिरवत बसलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली.

"बंदूक आहे का वांगं?" तिने विचारलं. "भरीत करायचंय का? हात जोडते, दाजिबाकडे न्या ती."

तिच्या त्या शब्दांनी माझे, आणि बहुधा तिचेही, प्राण वाचले. पण ते कळायला दुसऱ्या दिवसाची दुपार यावी लागली.

दाजिबा बंदुकीचं काम फक्त बारा वाजता करी. "सावली पायाखाली आली की या," म्हणाला. गावात त्याचेही भलतेच अर्थ लावत. भर बाराला दाजिबा बंदुकीतल्या भुतांशी बोलतो म्हणत आणि त्या वेळी त्याच्या अंगणासमोरून लेकरं जाऊ देत नसत. मी गेलो तेव्हा भाता बंद होता. कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. दाजिबाने बंदूक मागच्या बाजूने, झोपलेलं पोर उचलावं तशी घेतली, दस्त्याला कान लावला आणि बराच वेळ डोळे मिटून बसला. ओठ हलत होते.

"सत्तावनची आहे ना?" मी विचारलं.

"नळ्या विलायती. दस्ता हट्ट्याच्या बाभळीचा. उजवा घोडा माझ्या बापानं ठोकेल हाय, ह्या ऐरणीवर. तुमचा साहेब ह्यात कुठं बसवू, मास्तर?"

लिंबाच्या फोडीने त्याने नळीवरची वीतभर जागा पुसली, आणि गंजाखालून पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी वर आली. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, वळे घालून केलेली नळी होती ती. ऊन सरळ डोक्यावरून नळीत उतरावं म्हणून त्याने ती उभी केली, पण आत बघितलं ते नखाएवढ्या आरशाच्या तुकड्यातून, अंग बाजूला ठेवून. भर बाराचं गूढ एवढंच होतं. मग उजव्या नळीत गज घातला. कुंभारीण माशीचं मातीचं घर भुगा होऊन बाहेर आलं आणि गज तळाला खणकन वाजला.

"हा घ्या तुमच्या बाईचा श्वास," दाजिबा म्हणाला. "माशी गुणगुणत व्हती."

मी मोठ्याने हसलो. हसता हसता आठवलं, की मी कान लावला होता तो डाव्या नळीला.

डाव्या नळीत गज गेला तो खणकला नाही. थप असा मऊ आवाज झाला. दाजिबाने तोंडापाशी गजावर अंगठा धरला, गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून दाखवला. चार बोटं कमी भरली.

"भरेल हाय," तो म्हणाला. या वेळी 'असं समजावं' म्हणाला नाही.

तीस-पस्तीस दसरे माझ्या डोळ्यासमोरून ओळीने सरकले. निरांजन, पाळणा, स्टूल, कालची शेगडी. ज्या नळीला मी ओठ लावून फुंकर घातली होती, तिच्यात कुणीतरी इतकी वर्षं आमची वाट बघत बसलं होतं.

"कुणी भरली?"

"म्या."

मी म्हटलं, झाडाला बांधू, लांब दोरी लावू, भिंतीआडून उडवून टाकू.

"उडवायची न्हाई!" दाजिबा ओरडला. त्याला ओरडताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

"मग पाणी ओता, दारू भिजू द्या."

"पाणी न्हाई. भिजंल."

"अहो, भिजायलाच हवी ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला, वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोराकडे मी बघतो तसा. "सोमवारी न्यायची हाय न? इतवारी बारा वाजता या. कोरडीच काढतो. तुमी भिताडामागं बसा."

तीन दिवस त्याने डाव्या नळीच्या, टोपी बसते त्या जागेखालच्या गंजलेल्या पेचाला करडीचं तेल पाजलं. मी रोज जाऊन विनवलं, की हे वेडं साहस सोडा, साठीच्या माणसाच्या हातात फुटली तर मी कुणाला तोंड दाखवू? त्याचं एकच, "तकलीफ तुमाला न्हाई. माझी हाय."

रविवारी मी खरोखरच भिंतीमागे बसलो. मात्र भिंतीला एक भोक होतं, आणि भित्र्या माणसाला दिसतं सगळं. नळीचं तोंड झोपडीच्या दाराकडे, कारण घरात कुणी नव्हतंच. दाजिबा दस्त्याकडे उकिडवा. किल्लीला रेटा दिला की पेच कुरकुरायचा, आणि प्रत्येक कुरकुरीला मी एकेका देवाला आठवायचो. एकदा तो थांबला, नळीवर हात फिरवून हळूच म्हणाला, "झालं, झालं. कावू नको."

पेच सुटला. तेवढ्याशा भोकातून दाभणाने टोकरत त्याने काळी दारू कणाकणाने फडक्यावर उतरवली. आता बार मेला होता. मी मोठ्या शौर्याने भिंतीमागून बाहेर आलो.

मग गजाच्या टोकाला पेचाचं अणकुचीदार टोक लावून तो डाव्या नळीत फिरवू लागला. वरचा बोळा आला, मागून छर्रे खळखळले. मग खालचा बोळा आला. दाजिबाने दोन्ही खाली ठेवले, उठला, राखेने हात धुतले, धोतराला पुसले, परत धुतले. आणि मग उलगडायला बसला.

हिरव्या लुगड्याच्या चिंध्या होत्या. कडा दारूने काळ्या. पण घडीच्या आत हिरवा रंग कालच विणल्यासारखा, आणि एकीला बोटभर लाल काठ.

"रखमाचं," तो म्हणाला. रखमा त्याची बायको. मी रांगत होतो त्या साली पटकीने गेली, एवढंच मला माहीत. "तुमच्या काकाला राखणीला जायचं व्हतं. मी म्हनलं, चिंधी दे. घरात चिंधी कुठली? नवं लुगडं, त्याचाच पदर टरकावला अन् फेकला माझ्या अंगावर. 'घाल माझं लुगडं डुकराच्या बोडख्यात!' म्हनली. लई कावली व्हती." त्याने लाल काठ अंगठ्याने सरळ केला. "मी उजवी भरायच्या आत तिला उलटी झाली. दोन दिवसांत आटपलं. पटकीचं म्हनून तिचं सगळं जाळलं. लुगडी, गोधडी, समदं."

"मग हे तेव्हाच का नाही काढलंत?"

"तवा हात लागंना. वाटलं, हाय तिथं बरं हाय. घोडा तेवढा काढून आनला. कुनी चाप वढला म्हंजी?" फळीवरच्या डब्यातून त्याने डावा घोडा काढला. एवढ्या वर्षांत गंजाचा ठिपका नव्हता त्यावर. तो त्याने जाग्यावर बसवला, पेच आवळला. "घ्या. बराबर झाली तुमची बंदूक. आता खुशाल द्या सरकारला."

मी उगाच बंदुकीकडे बघत राहिलो. लाटांची नक्षी उन्हात हलल्यासारखी दिसत होती.

दाजिबाने चिंध्यांची घडी घातली, दोन्ही तळहातांत धरली आणि उठला. बंदूक मध्ये आडवी पडली होती, तोंड दाराकडे करून. तो तिच्यासमोरून, दोन्ही नळ्यांच्या तोंडासमोरून, सरळ चालत घरात गेला.

थोड्या वेळाने मलाही निरोप घ्यायला दाराशी जायचं होतं. मी मागून वळसा घालून गेलो.