शेपटे गुरुजी गोड बोलू लागतात

एका जंगलात, मुलांनो, बेहड्याच्या झाडावर वानरांच्या पोरांची एक शाळा भरत असे. शेपटे गुरुजी नावाचे काळ्या तोंडाचे वानर ती चालवत. विषय एकच. उंच फांदीवर बसायचं, वाघ दिसला की घसा फाटेपर्यंत खेकसायचं. खाली चरणारी हरणं ते ऐकून पळत आणि जगत.

झाडाखाली ठिपकाबाई नावाची हरिणी रोज येई. गुरुजी अर्धी खाल्लेली फळं खाली टाकत, ती वेचून खाई. एवढी जुनी मैत्री, पण गुरुजी तिच्याशी कधी सरळ बोलले नाहीत.

"आलीस का भवाने? पाट मांडू की ताट?"

"टाक रे काळतोंड्या. तुझं उष्टं खाऊन पोट बिघडलंय माझं."

असं म्हणून ती मान खाली घाले आणि निर्धास्त चरे.

एकदा वादळात झाडाची मोठी फांदी मोडली. म्हणजे चौथीच्या वर्गाची अख्खी जागाच गेली. गुरुजी चिंतेत बसले असताना खालून कोल्हा आला. तो वाघाच्या उद्योगसमूहात मोठ्या हुद्द्यावर होता.

"गुरुजी, आमचे साहेब शिक्षणाच्या बाबतीत फार हळवे आहेत. तुम्ही झाड द्या, आम्ही विद्यापीठ देतो. उद्योगाला हवं ते शिकवायचं. पोरांना नोकरीची हमी."

"उद्योग कसला म्हणायचा?"

"हरणांचा," कोल्हा मोकळेपणाने म्हणाला.

गुरुजींनी क्षणभर डोकं खाजवलं. मग कोल्ह्याने सांगितलं, की कुलगुरूंना शाल मिळते. गुरुजींनी करारावर पंजा उमटवला.

व्यवस्थापनाचा नवा अभ्यासक्रम आला. खेकसणं असभ्य ठरलं. 'वाघ आला' हे वाक्य नकारात्मक ठरलं. त्याऐवजी म्हणायचं, 'आपल्या दिशेने एक संधी येत आहे. कृपया जागेवरच थांबावे.' वाघ स्वतः व्याख्यानाला आला. विद्यार्थ्यांनी ते शेंड्यावर बसून, अत्यंत आदराने ऐकलं.

उद्घाटनाच्या दिवशी प्रात्यक्षिक ठरलं. वाघ गवतात दबून बसला. ठिपकाबाई पाडसाला घेऊन नेहमीसारखी चरायला आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

गवतातून वाघाचे कान सरकताना गुरुजींना दिसले. खेकसणं घशापर्यंत आलं. खाली कोल्हा कराराचा कागद हातात धरून वर बघत होता. खांद्यावरची शाल उबदार होती. गुरुजींनी ती सावरून घेतली.

"सौभाग्यवती ठिपकाबाई," ते म्हणाले, "आपल्या दिशेने एक संधी येत आहे. कृपया जागेवरच थांबावे."

ठिपकाबाईची मान ताडकन वर झाली. सौभाग्यवती? आपल्या? कृपया?

"अगं बाई! या मेल्याला झालंय तरी काय?"

तिने पाडसाला ढुशी दिली आणि दोघं अशी उधळली, की वाघाच्या पंजात नुसतं गवत आलं.

"गुरुजी!" वाघ गुरगुरला. "सावध केलंत तिला!"

"नाही हो साहेब. पान पहिलं, वाक्य पहिलं. काना-मात्रेचा फरक नाही."

कोल्ह्याने पुस्तक काढून पडताळलं. फरक नव्हता.

ताबडतोब बैठक बसली. वाघ उपाशी असल्यामुळे सगळे जरा लांब लांब बसले. कोल्ह्याने निष्कर्ष मांडला.

"चूक गुरुजींची नाही, साहेब. ग्राहकच अशिक्षित आहे. चांगली भाषा त्याला समजत नाही. येत्या वर्षापासून हरणांनाच प्रवेश देऊ. वसतिगृह साहेबांच्या गुहेशेजारी. जेवण मोफत."

"कोणाचं?" गुरुजींनी विचारलं.

या प्रश्नाची नोंद इतिवृत्तात नाही.

निमंत्रणं घरोघरी गेली. भाषा फार सुंदर होती. 'आदरणीय' एवढा एकच शब्द ऐकून ठिपकाबाई पाडसासह नदीपलीकडे गेली, ती परत आली नाही. बाकीची हरणं गुहेसमोर शिस्तीत रांग लावून उभी राहिली. जागा मर्यादित आहेत असं कोल्ह्याने जाहीर केलं, तेव्हा कुठे धक्काबुक्की सुरू झाली.

तात्पर्य : जन्मभर शिव्या देणारा मित्र एकाएकी आदराने बोलू लागला, तर कारण विचारत थांबू नये. आधी पळावं. कारण मागाहून माहितीपुस्तिकेत छापून येतं.