ठकूबाईंचा दुसरा मोजा

एका जंगलात, जिथे अजून धड रस्ता झालेला नव्हता पण नाचाचा क्लास मात्र जोरात चालायचा, ठकू नावाची एक बदकीण राहत होती.

मांडी घालून नीट बसा रे. आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत.

तर या ठकूला नाचाचं भयंकर वेड. दर वसंतात जंगलाचा मेळा भरायचा आणि मेळ्यात करकोचे गुरुजींच्या क्लासचा नाच व्हायचा. ठकू दर वर्षी आशेने जायची. गुरुजी दर वर्षी म्हणायचे, "ठकूबाई, तुम्ही टाळ्या मात्र छान वाजवता हं." आणि तिला बाजूला बसवायचे. पंखांनी टाळ्या वाजवता वाजवता बिचारीला रडू फुटायचं. यंदा काही झालं तरी पहिल्या रांगेत नाचायचंच, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

क्लास भरायचा एका सपाट कातळावर. जागा ऐसपैस, भाडं नाही. अडचण एकच, कातळाखाली वाघाची गुहा होती. वाघ दुपारचा झोपायचा आणि डोक्यावर धबधब सुरू झाली की वैतागायचा. एकदा वर येऊन त्याने अतिशय सभ्य शब्दांत तक्रार केली. जाताना एक ससा घेऊन गेला.

गुरुजींनी लगेच नियम काढला. "यापुढे प्रत्येकाने लोकरीचे मोजे घालून नाचायचं. आणि मोजे स्वतः विणायचे! ज्याला दोन सुया चालवता येत नाहीत, तो दोन पाय काय चालवणार?"

खरं तर या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण गुरुजी एका पायावर उभे राहून बोलायचे. त्यामुळे त्यांचं सगळंच खरं वाटायचं.

ठकू तडक शेजारच्या साळिंदरकाकूंकडे गेली. काकूंनी पाठीवरच्या दोन सुया उपटून दिल्या. "एक सुलटा, एक उलटा. टाच आली की हाक मार. आणि सुया पुसून परत दे गं बाई, माझ्या अंगच्या आहेत."

बदकिणीने सुया धरल्या कशा? प्रश्न विचारायचे नाहीत म्हटलं ना! धरल्या.

ठकू विणायची, उसवायची, परत विणायची. टाचेपाशी तर तिच्या नाकी नऊ आले. "काकू, टाच बसवू कुठे? मला टाच आहे का, तेच सापडत नाहीये."

"बसव कुठेतरी. गुरुजी काय आत डोकावून बघणारेत?"

शेवटी एक मोजा झाला. तिकोनी, समोशासारखा. पण तेवढ्यात निवडीचा दिवस उजाडला, आणि दुसऱ्या मोज्याचे नुसते टाके घालून झाले होते.

"काकू, यंदाही टाळ्याच का हो माझ्या नशिबी?" ठकू हमसून हमसून रडायला लागली.

"गप. एकच घालून जा. दुसरा पाय पिसांत लपव."

ठकू गेली. ढोलकी वाजली. ठकूने उडी मारली आणि घोटाळा झाला. उघडा चपटा पाय कातळाला घट्ट चिकटला आणि मोज्यातला पाय सुळकन घसरला. ठकू गर्रकन फिरली. मग आणखी फिरली. फिरतच राहिली.

"थांबा!" गुरुजी ओरडले.

थांबता आलं असतं तर ती केव्हाच थांबली असती. शेवटी भोवळ येऊन ती खाली बसली. खाली वाघ शांत घोरत होता.

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "ठकूबाई, हे कुठल्या घराण्याचं?"

ठकूला चक्कर येत होती. तिला काही बोलता येईना. गुरुजींना तो विनय वाटला.

"पाहा रे!" ते बाकीच्यांना म्हणाले. "झाकलेला पाय म्हणजे स्वप्न. उघडा पाय म्हणजे वास्तव. आणि मधल्यामध्ये हा जीव गरगरतोय! आजपासून आपलं एकमोजी घराणं."

दुसऱ्या दिवशी सगळे एकेक मोजा काढून आले. माकडाने हौसेने चार विणले होते. त्याने तीन झाडाला टांगले आणि ते दिवसभर रुसून बसलं.

ठकू पहिल्या रांगेत आली, तीही मधोमध. शेजारच्या जंगलातून पाहुणे येऊ लागले. ठकूला इतका आनंद झाला की ती झोपेतसुद्धा हसायची.

इथेच गोष्ट संपली असती. पण एके दिवशी काकू म्हणाल्या, "अगं, माझ्या सुया? तो दुसरा मोजा पुरा कर एकदाचा. अर्धवट काम घरात ठेवू नये."

ठकू चांगल्या घरातली मुलगी. तिला ते पटलं. शिवाय एका मोज्याने एवढं नाव झालं, तर दोन मोज्यांनी केवढं होईल! तिने जीव ओतून दुसरा मोजा विणला. टाचसुद्धा अगदी जागेवर बसली.

मेळा भरला. प्रमुख पाहुणे वाघसाहेब. ते पोटभर जेवून आले होते, त्यामुळे सगळे निश्चिंत होते. ठकू दोन मोजे घालून मधोमध उभी राहिली. ढोलकीवर थाप पडली, आणि दोन्ही पाय एकदम सटकले. ठकू बसल्या बसल्या कातळभर घसरत गेली आणि थेट वाघसाहेबांच्या पोटावर आदळली.

वाघाने झडप घातली. तोंडात आला तो दुसरा मोजा. ठकू किंचाळत उडाली, बाकीचे वाट फुटेल तिकडे पळाले. वाघ पुढे महिनाभर दाढेतली लोकर काढत बसला होता.

"ठकूबाई, परंपरेला काळं फासलंत!" गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मी फक्त मोजा पुरा केला हो!"

"तुम्हाला सांगितलं होतं कोणी?"

तिचं नाव क्लासातून कमी झालं. उरलेला मोजा गुरुजींनी काढून घेतला. कातळाच्या कडेला एक कोनाडा कोरून त्यात तो ठेवला आणि त्याला हार घातला. नवे विद्यार्थी आधी त्याच्या पाया पडायचे.

वर्षभर ठकूने कळ काढली. मग तिला राहवेना. ती नव्या मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. गुरुजींनी तिला ओळखलं नाही. ओळखलं असेल तरी तसं दाखवलं नाही.

"नाव?"

"ठकू."

"हं. आजकाल सगळे हेच नाव ठेवतात. नाचून दाखवा."

ठकूने कुणाचा तरी एक मोजा मागून घेतला आणि नाचली. अगदी पहिल्यासारखी. त्याहून थोडी सरसच.

"ठीक आहे," गुरुजी म्हणाले. "पण ठकूबाईंची सर नाही. त्यांना पाहिलंय आम्ही. त्या मोज्याला नमस्कार करा, थोडं अंगात येईल. पुढच्या वर्षी बघू."

ठकूने स्वतःच्या मोज्याला वाकून नमस्कार केला. तिला फार फार वाईट वाटलं. मागचा एक तितर म्हणाला, "ओ बाई, लवकर आटपा, रांग खोळंबलीय."

तात्पर्य : मुलांनो, हाती घेतलेलं काम कधीही पुरं करू नये. अर्ध्या कामाला लोक शैली म्हणतात. पुरं केलं की मग त्यातल्या चुका काढतात.

या गोष्टीला दुसरंही एक तात्पर्य आहे. त्याचे मी नुसते टाके घालून ठेवले आहेत.